कोळी म्हणून नोंदलेला समुद्रविंचू: मेगॅरॅक्नीचे प्रकरण

हे प्रकरण एका जीवाश्माच्या ओळखीचे आहे. १९८० साली त्याची नोंद जगातला सर्वांत मोठा कोळी म्हणून झाली. २००५ साली तो कोळी नसून मिक्टेरॉप्टिडी या लुप्त कुळातला समुद्रविंचू असल्याचे सिद्ध झाले. मधली पंचवीस वर्षे कोणी काय पाहिले, काय ठरवले आणि काय ठरवायचे राहून गेले, ते इथे मांडले आहे. प्रसिद्ध शोधनिबंधांवर ज्यांची नावे आहेत तेवढीच नावे घेतली आहेत. बाकी माणसे निनावी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

अर्जेंटिनाच्या सान लुइस प्रांतात बाहो दे वेलिस नावाचे खडकांचे थर आहेत. कार्बॉनिफेरस कल्प संपून पर्मियन कल्प सुरू होत होता त्या सुमाराचे, म्हणजे साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे गोड्या पाण्याचा पूरप्रदेश होता. बारीक गाळ साचत गेला आणि त्यात पाने, किडे, छोटे संधिपाद प्राणी दाबले गेले.

याच थरांतून १९८० साली गोंडवनॅरॅक्नी नावाच्या एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो कोळ्यांचा खराखुरा नातेवाईक, ट्रायगोनोटार्बिड या लुप्त गणातला. त्याच्या नावातले गोंडवन आपले आहे. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवन हे नाव पडले, आणि चंद्रपूर-वणीचा कोळसा ज्या थरांत सापडतो ते थरही त्याच महाखंडावर साचलेले. सांगायचा मुद्दा असा, की बाहो दे वेलिसमध्ये आठ पायांचे प्राणी मिळतात हे आधीच ठाऊक होते. पुढच्या जीवाश्माकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोळी उभा राहिला, त्यामागे हेही एक कारण असावे.

आता समुद्रविंचवांविषयी. शास्त्रीय नाव यूरिप्टेरिड. आजवर सुमारे २५० जाती नोंदल्या गेल्या आहेत. ते खरे विंचू नाहीत, आणि सगळे समुद्रातलेही नव्हते. शेवटच्या काळातले बरेचसे नद्या-तळ्यांत राहत. शरीराचे दोन भाग. पुढच्या भागावर एकसंध पाठकवच, त्यावर बाजूला दोन संयुक्त डोळे आणि मध्ये दोन साधे छोटे डोळे, खाली अवयवांच्या सहा जोड्या. त्यांतली पहिली जोडी म्हणजे केलिसेरा, तोंडापुढचे चिमट्यासारखे अवयव. कोळ्यात हीच जोडी विषारी सुळ्यांची होते. मागच्या भागात बारा खंड आणि टोकाला शेपटीचा काटा. खंडाच्या पाठीवरच्या कवचाला इथे मी पृष्ठपट्ट म्हणतो, कारण सगळा घोटाळा एका पृष्ठपट्टापाशी झाला.

त्यांचे दोन उपगण आहेत. यूरिप्टेरिनात सहावी जोडी बहुधा वल्ह्यासारखी पसरट असते आणि प्राणी पोहतो. स्टायलोन्यूरिनात वल्हे नसते, प्राणी तळावरून चालतो. मिक्टेरॉप्टिडी हे कुळ चालणाऱ्यांचे. पुढच्या पायांवर पात्यांसारखी वाढ होती. त्या पात्यांनी ते नदीच्या तळाचा चिखल दाताळ्यासारखा ओढत आणि त्यातले बारीक जीव टिपून खात.

समुद्रविंचू ओळखण्यात आधीही फार चुका झाल्या आहेत. १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल मिचिल यांनी पहिला यूरिप्टेरस पाहिला आणि तो शिंगाळ्यासारखा (कॅटफिश) मासा ठरवला. १८३९ साली लुई अगासी यांनी टेरिगोटसचे तुकडे माशाचे म्हणून नोंदले. खुद्द मिक्टेरॉप्टिडी कुळाला ज्या प्रजातीवरून (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) नाव मिळाले ती मिक्टेरॉप्स १८८६ साली एडवर्ड कोप यांनी पृष्ठवंशीयांच्या वाटेवरचा प्राणी म्हणून मांडली होती. तुकडा हाती येतो, उरलेला प्राणी माणूस मनाने पुरा करतो, आणि मनात जो प्राणी आधीपासून असतो त्याचाच आकार त्या तुकड्याला मिळतो.

अडचण

बाहो दे वेलिसच्या दगडात जे दिसत होते ते असे: एक मोठे पाठकवच, त्याच्या मधोमध, दोन डोळ्यांच्या मध्ये, १५ मिलिमीटर रुंदीचा गोल उंचवटा, मागे पहिला खंड, आणि त्याच्यामागे एक मोठा, जवळजवळ वर्तुळाकार भाग. काही पायांचे अंश. त्यापुढचे शरीर नव्हतेच.

अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचे पुराजीवशास्त्रज्ञ मारिओ ह्यूनिकेन यांनी त्याचा अभ्यास केला. मधला उंचवटा त्यांना टॅरँटुला गटातल्या कोळ्यांच्या डोळ्यांच्या उंचवट्यासारखा वाटला. मागचा वर्तुळाकार भाग म्हणजे कोळ्याचे पोट, तेही थोडे केसाळ, असे त्यांनी मानले. दगडाच्या आत दडलेले भाग पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण चित्रे घेतली. त्या चित्रांवरून छातीची पट्टी, खालचा ओठ, पायांची मुळे आणि सुळे यांची मांडणी केली. शरीराची लांबी ३३.९ सेंटिमीटर आणि पायांचा पसारा ५० सेंटिमीटर असा अंदाज निघाला. आजचा दक्षिण अमेरिकेतला गोलायथ कोळी पाय पसरून साधारण ३० सेंटिमीटर भरतो.

नाव ठेवले मेगॅरॅक्नी सर्विनेई. मेगॅरॅक्नी म्हणजे महाकाय कोळी.

हे वाचून ह्यूनिकेन यांना उतावळे ठरवणे अन्यायाचे होईल. समुद्रविंचू आणि कोळी दोघेही केलिसेरा असलेल्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटातले. पाठकवच, डोळ्यांची ठेवण, पायांची मुळे यांत सारखेपणा असणारच. शिवाय त्यांनी एक गोष्ट फार प्रामाणिकपणे केली: कोळ्याशी न जुळणाऱ्या खुणा लपवल्या नाहीत. त्या तीन होत्या. कवचावरची नक्षी कोळ्यात कधी न दिसणारी होती. पाठकवच एका सांधरेषेने पुढच्या आणि मागच्या भागांत विभागलेले होते, आणि असे कोणत्याही कोळ्यात नसते. केलिसेरा टोकाशी कालथ्यासारखे पसरट होते. कोळ्याचा सुळा अणकुचीदार असतो.

या तीन विसंगती पहिल्याच वर्णनात होत्या. पुढे जे उलगडले त्याचे धागे तिथेच होते. अडचण पुराव्याच्या अभावाची नव्हती, कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे याची होती.

समोर असलेले पर्याय

१९८० साली चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे कोळी म्हणून नोंद. बाजूने होता एकूण आकार. विरोधात होत्या त्या तीन विसंगती, आणि काळही. टॅरँटुला ज्या शाखेत येतात त्या शाखेचा इतका जुना पुरावा कुठेच नव्हता. १९९२ साली फ्रान्सच्या ट्रायासिक थरांतून रोसामिगाली हा त्या शाखेतला प्राणी नोंदला गेला तेव्हा तो सर्वांत जुना ठरला, आणि तो तर मेगॅरॅक्नीहून पाच कोटी वर्षांनी अलीकडचा.

दुसरी वाट अष्टपादांतला, म्हणजे कोळी-विंचवांच्या वर्गातला, दुसरा एखादा गण मानण्याची. १९८९ साली विल्यम शिअर आणि सहकाऱ्यांनी हीच शक्यता मांडली: हा प्राणी रिसिन्यूलेई या अष्टपादांच्या छोट्या गणातला असेल किंवा एखाद्या नाव नसलेल्या गणातला असेल. पसरट केलिसेरा कोणत्याही कोळ्यात नाहीत, हे त्यांनीही नोंदवले.

तिसरी वाट मला सर्वांत सुरक्षित वाटते. प्राण्याला नाव द्यायचे, वर्णन करायचे, पण त्याचे गण आणि कुळ अनिश्चित ठेवायचे. वर्गीकरणात याला पूर्ण मान्यता आहे. पण अशा नोंदीकडे फारसे कोणी वळून पाहत नाही, ही तिची किंमत.

चौथी, समुद्रविंचू. ही वाट तेव्हा कोणी गंभीरपणे घेतली नाही. का घेतली नसावी, याचा विचार केला पाहिजे. ज्याच्याशी तुलना करायची तो मिक्टेरॉप्टिडी कुळातला स्कॉटलंडचा वुडवर्डॉप्टेरस एकाच नमुन्यावरून माहीत होता. १८८७ साली हेन्री वुडवर्ड यांनी तो यूरिप्टेरस म्हणून वर्णिला होता, स्वतंत्र प्रजातीचे नाव त्याला १९५९ साली मिळाले. समुद्रविंचू म्हटले की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे येतात ते त्याहून कितीतरी आधीच्या सिल्युरियन काळातले लांबट, वल्हे असलेले प्राणी. आखूड, रुंद, चिखल उपसणारे हे उशिराचे प्राणी त्या चित्रात बसत नव्हते. शेजारच्या ब्राझीलमधून १९०८ साली हॅस्टिमिमा हा उशिराचा समुद्रविंचू नोंदला गेला होता, पण कोळ्यांच्या अभ्यासकाच्या टेबलावर ते निबंध सहसा नसत.

काय केले गेले

पहिला निर्णय झाला आणि लगेच त्याचे रूप बदलले. शास्त्रीय वर्णनातला अंदाज चित्रात उतरला, चित्रावरून प्रतिकृती झाल्या, आणि वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत महाकाय कोळ्याचे पुतळे उभे राहिले. प्रतिकृतीत दगडात दिसलेला भाग कोणता आणि अंदाजाने भरलेला कोणता हे कळायला जागाच नसते. आठ पाय लागतात म्हणून आठ पाय बसवले जातात. पन्नास सेंटिमीटरचा आकडा हा प्राणी कोळी आहे असे गृहीत धरूनच निघाला होता, आणि आता तोच आकडा त्याच्या कोळीपणाची ओळख होऊन बसला.

दुसरा निर्णय मूळ नमुन्याविषयीचा. तो बँकेच्या तिजोरीत गेला. त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांना मिळत होते ते प्लॅस्टरचे साचे. या ठिकाणी थोडे थांबायला हवे, कारण प्रकरण लांबले ते इथे. कोळी या ओळखीचा बराच आधार क्ष-किरण चित्रांवर होता. सुळे, छातीची पट्टी, ओठ हे सगळे दगडाच्या आतले. साच्यात फक्त पृष्ठभागाचे चढउतार येतात. म्हणजे ज्याला शंका होती त्याच्या हाती दिलेली वस्तू त्याच्या शंकेचे उत्तर देऊच शकत नव्हती. शिअर आणि नंतर रशियन अभ्यासकांनी शंका मांडल्या, त्या रास्त होत्या, पण त्यांपुढे जायला दगड समोर लागतो. नमुना तिजोरीत ठेवणाऱ्यांचा हेतू तो जपण्याचाच असणार. तरी एका अख्ख्या प्रजातीची ओळख ज्या एका दगडावर उभी आहे तो दगड तपासता येत नसेल, तर त्या प्रजातीविषयीचे प्रत्येक विधान ऐकीव होते.

तिसरा निर्णय मात्र मनापासून दाद द्यावी असा. त्याच ठिकाणच्या त्याच थरातून दुसरा नमुना हाती आला. तो दोन पाट्यांत फुटलेला होता, एकीत ठसा आणि दुसरीत त्याचे उलट रूप. शरीराचा पुढचा भाग त्यात अधिक पूर्ण होता, पायांची मुळेही होती. ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ पॉल सेल्डन, अर्जेंटिनाचे कोळीतज्ज्ञ होसे कोरोन्का आणि स्वतः ह्यूनिकेन यांनी तो एकत्र अभ्यासला आणि त्याच्या उजेडात मूळ दगडही पुन्हा पाहिला. आपल्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाविरुद्धच्या निबंधावर ह्यूनिकेन यांनी सही केली. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

पुन्हा पाहताना वजने बदलली. कवचावरची न जुळणारी नक्षी म्हणजे अर्धचंद्राकृती टोकदार खवले होते, आणि समुद्रविंचवांत ती नेहमीची गोष्ट आहे. पायांवर पात्यांसारखी वाढ होती. आणि तो वर्तुळाकार भाग, ज्याला पोट समजले गेले, तो मागच्या अंगाच्या दुसऱ्या खंडाचा प्रमाणाबाहेर मोठा झालेला पृष्ठपट्ट निघाला. म्हणजे जिथे प्राणी संपला असे वाटत होते तिथे तो नुकता सुरू होत होता. त्यामागे आणखी दहा खंड आणि शेपटीचा काटा असणार होता. ही खूणगाठ बसल्यावर सर्वांत जवळचा नातेवाईक शोधायला वेळ लागला नाही: स्कॉटलंडचा वुडवर्डॉप्टेरस स्कॅब्रोसस.

निष्पत्ती

मेगॅरॅक्नीची जागा आता अशी आहे: यूरिप्टेरिडा गण, स्टायलोन्यूरिना उपगण, मिक्टेरॉप्टिडी कुळ. शरीराची लांबी साधारण ५४ सेंटिमीटर. समुद्रविंचवांत हा मध्यम आकार. जर्मनीतल्या जेकेलॉप्टेरससारखे काही अडीच मीटरपर्यंत वाढत. सर्वांत मोठा कोळी गेला आणि जागी एक बेताच्या आकाराचा चिखल उपसणारा प्राणी आला.

पण शास्त्राच्या दृष्टीने जे आले ते जास्त मोलाचे होते. मिक्टेरॉप्टिडी हे आधीच तुरळक कुळ. त्याला गोंडवनातला, पर्मियनच्या उंबरठ्यावरचा प्रतिनिधी मिळाला. बहुतेक समुद्रविंचू नाहीसे झाल्यानंतर गोड्या पाण्यातले हे चालणारे गट टिकून होते. तो दुसरा पृष्ठपट्ट इतका मोठा का झाला, याचे उत्तर अजून कोणाजवळ नाही. प्राणी कोळी मानला होता तोवर हा प्रश्नच पडला नव्हता, कारण कोळ्याला पोट असतेच.

नाव बदलले नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, अर्थ चुकीचा ठरला एवढ्यासाठी नाव रद्द होत नाही. त्यामुळे महाकाय कोळी हे नाव एका समुद्रविंचवाला कायमचे चिकटले आहे.

लोकांपर्यंत दुरुस्ती कशी पोचली, याचा एक नमुना. २००५ साली ब्रिटिश टीव्हीवर प्रागैतिहासिक प्राण्यांची एक मालिका आली. तिच्यासाठी महाकाय कोळ्याची दृश्ये आधीच तयार झाली होती. नवा निष्कर्ष कळल्यावर दृश्ये तशीच ठेवून त्या प्राण्याला मेसोथिली या आदिम कोळीगटाचे नाव देण्यात आले. कार्बॉनिफेरसमध्ये तशा प्रकारचे कोळी होते खरे, पण एवढे मोठे नव्हते. एक चूक काढताना तिच्यातला आकार दुसऱ्या नावाखाली शिल्लक राहिला.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते सर्वांत मोठा फरक पडला असता तो पहिल्या आकृतीत. दगडात प्रत्यक्ष दिसणारा भाग भरीव रेषेने आणि अंदाजाचा भाग तुटक रेषेने काढण्याची रीत जुनी आहे. क्ष-किरणांवरून काढलेले सुळे तुटक रेषेत राहिले असते तर प्रतिकृती करणाऱ्यांना निदान विचारावे लागले असते.

दुसरे, वजनाचा क्रम. एकूण घाट फसवा असतो. दाबल्या गेलेल्या जीवाश्मात तर अधिकच. कवचावरची बारीक नक्षी, सांधरेषा, केलिसेराचे टोक या गोष्टी सहज योगायोगाने जुळत नाहीत. आकार हो म्हणत असेल आणि बारकावे तिन्ही नाही म्हणत असतील, तर निर्णय तिथेच थांबवून अनिश्चित गणाची नोंद करणे शक्य होते. १९८० सालच्या पुराव्यावर समुद्रविंचू हे उत्तर निघालेच असते असे मी म्हणणार नाही. कोळी हे उत्तर मात्र टाळता आले असते.

तिसरे, दगड कोणाला दाखवला. कोळ्यांचा जाणकार कोळ्यांतच शोधतो. स्कॉटिश समुद्रविंचू हाताळलेल्या एकाही माणसाने ती नक्षी पाहिली असती, तर पंचवीस वर्षांतली बरीच वाचली असती. यासाठी नमुना तिजोरीत न ठेवता संग्रहालयात, मागेल त्या अभ्यासकाला पाहता येईल असा हवा होता. क्ष-किरण चित्रांच्या प्रतीही साच्यांबरोबर द्यायला हव्या होत्या.

अजून उघडा असलेला निर्णय

प्रकरण इथे मिटले असे नाही. मिक्टेरॉप्टिडी कुळात मिक्टेरॉप्स, वुडवर्डॉप्टेरस आणि मेगॅरॅक्नी अशा तीन प्रजाती मानल्या जातात. त्या क्रमाने मोठ्या होत जातात आणि मोठ्या नमुन्यांवर टोकदार खवले विरळ होत जातात. मग या तीन प्रजाती आहेत की एकाच प्राण्याच्या वाढीच्या तीन पायऱ्या, अशी शंका मांडली गेली आहे. ती खरी ठरली तर सर्वांत जुने नाव टिकेल, म्हणजे मिक्टेरॉप्स, आणि मेगॅरॅक्नी हे नाव वापरातून जाईल. पण तिन्ही वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या खंडांवरच्या; त्यांची गाठ घालण्यासाठी एकाच ठिकाणची पिल्ले आणि प्रौढ एकत्र मिळायला हवेत.

या वेळी घाई झालेली नाही. २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधून वुडवर्डॉप्टेरसची नवी जाती नोंदली गेली: सुमारे एक मीटर लांबीची, २५.२ कोटी वर्षांपूर्वीची, पर्मियनच्या अगदी अखेरची. ज्ञात समुद्रविंचवांतला हा शेवटचा. तो दगड १९९० च्या दशकात एका खासगी शेतजमिनीवर सापडला होता आणि २०१३ साली संग्रहालयाला मिळाला. वर्णन करणाऱ्यांनी त्याला नवी प्रजाती न देता जुन्या प्रजातीत ठेवले, आणि तो दगड क्वीन्सलंडच्या संग्रहालयात, पुढच्या अभ्यासकाला पाहता येईल असा आहे.